जांभळीखालची जागा

सोजराबाईनं पिशवीच्या तळाशी जपून ठेवलेलं टोपडं बाहेर काढलं, तेव्हा माणिकरावांनी बायकोकडं चमकून पाहिलं. हिरव्या खणाचं, कडेला पिवळी झालर. तीस वर्षं ट्रंकेत राहून पार विटलेलं. ते कुणाच्या डोक्यावर कधी चढलंच नव्हतं.

“कोनतं झाड व्हतं वो?” तिनं विचारलं.

समोर इंडिया गेट उन्हात उभं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवळ आणि हिरवळीत जांभळींच्या रांगाच रांगा. माणिकराव ओळखीची खूण शोधत असल्यासारखे इकडं-तिकडं बघू लागले.

सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं. कुरुंद्याच्या हळदवाल्या शेतकऱ्यांची सहल, बसमध्ये चाळीस माणसं, आणि त्यात दिल्ली आधी पाहिलेला गडी एकटा माणिकराव. मग काय विचारता! राजघाटावर चपला काढताना सहल आणणारा बालाजी म्हणाला, “काका, तुमी आलता तवाबी असंच व्हतं का?”

“असंच व्हतं की.”

पुढं शहीद जवानांचं स्मारक लागलं. भिंतींवर कोरलेली नावं वाचत सगळे गप्प झाले. तिथंही बालाजीनं तेच विचारलं, आणि माणिकराव बोलून बसले, “बराबर असंच.”

“चाचा, ये तो अभी पाँच-सात साल पहले बना है,” गाईड म्हणाला. माणसं फिदीफिदी हसली. माणिकरावांचे कान तापले. सोजराबाई तेवढी हसली नाही.

खरं सांगायचं तर माणिकरावांनी दिल्ली कधी बघितलीच नव्हती. तीस वर्षांमागं, पौषात, दिल्लीच्या मोर्चाला जातो म्हणून ते घरून निघाले आणि जवळच्याच डोंगरकड्याला मित्राच्या शेतातल्या आखाड्यावर जाऊन बसले. आठ दिवस पत्ते, मटण, हसणं-खिदळणं. भरात आलेला माणूस, घराची आठवण कुठली! इकडं सोजराबाई सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पोरगी दोन दिवस जगली आणि नाव ठेवायच्या आत गेली. माणिकरावांच्या वडिलांनीच नातीला पुरलं.

परत आल्यावर माणिकरावांना बायकोकडं बघवेना. काहीतरी बोलायला तर हवं होतं. गावातल्या कय्युमभाईनं कधीतरी सांगितलेली दिल्ली त्यांच्या तोंडाला आली.

“लेकरू गेलं त्या दिशी मी इंडिया गेटपाशी जांभळीखाली बसलो व्हतो, सोजरा. पिकल्या जांभळांचा सडा पडला व्हता. एक तोंडात टाकलं अन् जीव एकदम घाबरा झाला बघ.”

सोजराबाई भिंतीकडं तोंड करून पडून राहिली होती. एवढ्या लांब गेलेला माणूस, त्याचा काय दोष, असं गावच म्हणालं. माणिकरावांनीही मग तेच धरून ठेवलं.

“कोनतं?” सोजराबाईनं पुन्हा विचारलं.

“ते.” त्यांनी जवळच्याच एका झाडाकडं बोट केलं.

ती झाडाच्या बुडाशी बसली. टोपडं मुळाशी ठेवलं, पुडीतली घरची हळद त्यावर वाहिली, कुंकवाचं बोट टेकवलं, हात जोडले. माणिकरावांनी चपला काढल्या आणि तिच्यामागं उभे राहिले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकरू गेल्यावरही लाज वाटली होती, पण ती लपवता आली होती.

सोजराबाईनं मान वर करून झाड न्याहाळलं.

“चैत लागलाय, अन् आता कुठं फुलोरा धरलाय.”

“हां.”

“मंग पौषात सडा कशाचा पडला व्हता?”

माणिकरावांच्या आत्ता ध्यानात आलं. जन्म शेतीत गेला, आणि एवढंही भान राहिलं नव्हतं!

“तवाच कळलं व्हतं मला,” ती म्हणाली. “वली बाळंतीण व्हते, येडी नव्हते.”

“मंग बोलली काहून न्हाईस?”

“आज ना उद्या तुमीच सांगताल म्हनून.”

पलीकडून बालाजीनं हाक मारली, “काका, चला! बस निघून राहिली!”

सोजराबाई जागची हलली नाही.

“झाड कोनतंबी चालंल. पर लेकराम्होरं खरं सांगा. कुठं व्हता?”

माणिकराव गुडघ्यावर हात टेकवत खाली बसले. टोपड्याकडं त्यांना बघवत नव्हतं.

“डोंगरकड्याला,” ते म्हणाले. “पत्ते खेळत.”

सोजराबाईनं टोपड्यावर पडलेलं वाळकं पान उचलून बाजूला ठेवलं.

“लेकरू गेलं त्या दिशी मामंजी पायी वसमतला गेलते,” ती म्हणाली. “तुमाला दिल्लीला तार कराया.”