बियांसकट कोहळं

दिपालीनं कापलेल्या कोहळ्यात हात घातला तो थेट मनगटाच्या वर, आणि बोटांना बिया लागल्या तशी ती एकटीच हसली. गर थंडगार, बुळबुळीत. बी मुठीत धरावी तर सुळकन निसटून जायची. घरच्या पिठाच्या चक्कीच्या मागच्या बाजूला, जिथं चाळणीतला कचरा टाकत, तिथं हा वेल कुणी न लावता उगवला होता, पत्र्यावर चढला होता आणि लाल भोपळ्याचं घागरीएवढं कोहळं देऊन मोकळा झाला होता. फुकटात. त्या वर्षी दिपालीच्या घरात याच्याहून गोड शब्द दुसरा नव्हता.

कारण चक्कीची मोटर. जुनी मोटर उन्हाळ्यात जळाली, नवीसाठी पतसंस्थेचं कर्ज काढावं लागलं, आणि त्याच संध्याकाळी तिच्या आईनं, नंदाबाईनं, घरात कायदा लावला. दिवाळीआधी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मीठ, चहापत्ती आणि शाळेची वही सोडून विकत काही येणार नाही. साबणाच्या झिजलेल्या वड्या एकमेकींना चिकटून नवा साबण होऊ लागला. तुपाची बरणी फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेली. पाहुणा आला तरच ती खाली उतरायची. वडील रामराव गावातल्याच, दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजायला जात. पण कापसाला भाव नाही, म्हणून गाड्या नाहीत, म्हणून मोजायलाही काही नाही. कधी चुकून जिनिंगचा भोंगा वाजलाच तर ते म्हणत, "आज भोंग्याचा वाढदिवस असन." बिनदुधाचा चहा बशीत ओतला की ते आधी त्यात वाकून आपली मिशी बघत. दूध असलं की आरसा खराब होतो, असं त्यांचं मत होतं.

नववीतली दिपाली मात्र या कायद्याची सगळ्यात मोठी भक्त झाली होती. त्याला कारण होती भुलाबाई.

भुलाबाईचा महिना चालू होता. गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी एकीच्या घरी जमत, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणत, आणि मग त्या घरचा खाऊ बंद डब्यातून समोर येई. डबा हलवायचा, कानाला लावायचा, नाकाशी धरायचा आणि एकदाच सांगायचं, आत काय आहे. जी पोरगी महिनाभरात सगळ्यात जास्त खाऊ ओळखेल तिनं कोजागिरीला भुलाबाईच्या मूर्तीचा पाट डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं चालायचं, हा गल्लीचा नियम. दोघी बरोबरीत आल्या तर मोठीचा मान. आणि ज्या घरचा खाऊ कुणालाच ओळखता आला नाही, त्या घरच्या बाईच्या नावानं एक गाणं जास्तीचं.

सुरुवातीला दिपाली रडकुंडीला आली होती. आईचा कायदा भुलाबाईलाही लागू होता. पण पहिल्या पाळीला तिनं चाळणीवरचा कोंडा गुळात घोळवून भाजला, डब्यात भरला, आणि पोरी डबा हलवून हलवून थकल्या. दुसऱ्या पाळीला वाळवलेल्या आंब्याच्या कोयी फोडून आतल्या गराची सुपारी केली. कुणाला सांगता येईना. तेव्हा दिपालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विकतचा खाऊ सगळ्यांनी खाल्लेला असतो, म्हणून तो सगळ्यांना ओळखता येतो. अनघाच्या घरच्या पेढ्यांचं तर हसूच झालं होतं. डबा स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आधी गौरीनं वासावरून "पेढे" म्हणून टाकलं. पैसे गेले, गाणंही गेलं. दिपालीला तेव्हा आपण फारच श्रीमंत असल्यासारखं वाटलं.

तर आता शेवटच्या पाळीसाठी या बिया. ती गरासकट मुठी भरभरून ताटात टाकत होती, इतक्यात आई आत आली. हात, पापण्या, कपाळावरचे केस, सगळं पिठानं पांढरं.

"ते दुसरी फोड सुनीतीकाकूकडे देऊन ये," आई म्हणाली.

दिपालीनं वर पाहिलं. ती मोठी फोड होती, बियाही तिच्यातच जास्त.

"काहून? त्यायच्या इथं फुलकोबी खाते. कोहळं कोण खाईन तिथं?"

"जास्तीचं नको बोलू. म्हणजो, आमच्या इथं वाया जाऊन राह्यलं."

वाया. ज्या घरात कांद्याच्या सालीसुद्धा झाडाच्या बुडाशी जात त्या घरात आई हा शब्द सरळ चेहऱ्यानं बोलली होती. दिपालीनं तडजोड सुचवली. "मंग बिया काढून घेऊ?"

"कोहळं देऊन राह्यली का सालटं? बियासकट दे."

सुनीतीकाकूंचं घर गल्लीच्या तोंडाशी होतं. मधुसूदनकाका कापसाच्याच एका सहकारी कचेरीत हिशेबनीस होते. त्यांची अनघा दिपालीच्या वर्गात, आणि तिच्या कंपासपेटीत सगळ्या वस्तू अजून जिथल्या तिथं असायच्या, याचं दिपालीला कायम आश्चर्य वाटे. घरासमोर काकांची स्कूटर ताडपत्रीखाली उभी होती. काका हल्ली पायी जात. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात अनघा दळण घेऊन आली तेव्हा डब्यात नेहमीच्या गव्हाऐवजी ज्वारी होती. तीही डॉक्टरांनीच सांगितली होती. आईनं तो डबा उचलला, क्षणभर तसाच हवेत धरला आणि खाली ठेवला. अनघाचा हात पर्सकडे जायच्या आधीच ती म्हणाली होती की सुट्टे नाहीत, दळणाची पिसाई सावकाश दे. सुट्टे पैसे दिपालीच्या समोर डबीत पडले होते. पण आई विसरते, असं म्हणून तीही विसरून गेली.

काकूंनी दार उघडलं, फोड दोन्ही हातांनी घेतली आणि "अगं, एवढं कशाला" म्हणाल्या. दिपालीनं शिकवलेलं वाक्य म्हटलं. काकू फोडीकडे पाहत राहिल्या.

"या बिया टाकूनच द्यायच्या ना गं?"

आता हे ऐकून दिपाली गप्प बसणार होती थोडीच. दारातच उभं राहून तिनं सगळी विद्या सांगून टाकली. बिया धुवायच्या, राखेत चोळायच्या म्हणजे बुळबुळीतपणा जातो, उन्हात वाळवायच्या, मिठाचं पाणी शिंपडून लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायच्या, आणि टचटच वाजू लागल्या की लगेच उतरवायच्या. काकू शहाण्या विद्यार्थिनीसारखं ऐकत होत्या. परत येताना मध्येच थांबून दिपालीनं कपाळावर हात मारला. धंद्याचं गुपित होतं ते.

पण ते गुपित तिच्या स्वतःच्याही कामी आलं नाही. उरलेल्या फोडीतल्या बिया वाळल्यावर इतक्या आटल्या की डब्याचं बूडही झाकेना. तिनं डबा कानाशी धरून हलवला. शेंगदाणे धावतात, फुटाणे गडगडतात. या बिया मात्र एकमेकींवरून घसरत होत्या, कुणी कागदी चपला घालून पळावं तसा आवाज. ऐकायला झकास, पण पोरींना पुरायच्या नाहीत. शेवटी तिनं ज्वारीच्या लाह्या केल्या, आणि त्या गौरीनं पहिल्याच फटक्यात ओळखल्या.

त्यामुळे कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी गौरी आणि दिपाली बरोबरीत होत्या, आणि गौरी तीन महिन्यांनी मोठी होती. शेवटचा डबा उरला होता अनघाच्या घरचा. त्यांच्या पेढ्यांनंतरच्या पाळीला बिस्किटं आली होती, त्याच्या पुढच्या पाळीला काकूंचं डोकं दुखलं होतं. दिपालीनं सकाळीच ठरवून टाकलं होतं की पाट घेताना वेण्या वर बांधायच्या, म्हणजे चुंबळ नीट बसते. आरशासमोर डोक्यावर पाटी आणि तिच्यावर उशी ठेवून तिनं दोनदा चालूनही पाहिलं होतं. बाबांनी तिला वाट करून देत नमस्कारही केला होता.

गाणी झाली. अनघा डबा घेऊन आली आणि कुणाकडे न बघता तिनं तो मधोमध ठेवला. गोड नाही, एवढंच सांगितलं. डबा फिरू लागला. कुणी शेंगदाणे म्हणालं, कुणी शेव. वास काहीच येत नव्हता. गौरीनं डोळे मिटून बराच वेळ घेतला, दोन्ही कानांना लावून पाहिला आणि "फुटाणे" म्हणाली. अनघानं नाही म्हणून मान हलवली. गौरीनं डबा दिपालीच्या मांडीवर आदळला.

दिपालीनं तो उचलला आणि एकदाच हलवला.

कागदी चपला.

पाट तिचा होता. वेण्या, चुंबळ, सगळ्यांच्या पुढं चालणं, सगळं आलं. ओठ उघडलेसुद्धा. आणि तेवढ्यात तिची नजर वर गेली.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू तोंडावर होतं, पण पदराचं टोक त्यांनी बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. त्या दिपालीकडेच पाहत होत्या. बैठकीच्या खिडकीतून ताडपत्रीखालची स्कूटर दिसत होती. ताडपत्रीवर शेवग्याचा पाला पडला होता. बऱ्याच दिवसांचा असावा. दिपालीला का कोण जाणे आईचा हात आठवला, डबा उचलून हवेत थांबलेला.

"बोल ना वं," गौरी म्हणाली. "झोपली का?"

दिपालीनं डबा पुन्हा हलवला. नाकाशी नेला. कपाळाला आठ्या घातल्या.

"काजू," ती म्हणाली. "तुकडा काजू."

पोरी खो खो हसल्या. दिवसभर टेंभा मिरवत होती, अन् म्हणे काजू. गौरी तर टाळ्या पिटत उभीच राहिली. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पुढं येऊन खाली बसून डबा उघडला, आणि बोटाभोवतीचा पदर हळूहळू सुटला.

"कोहळ्याच्या बिया आहेत," त्या म्हणाल्या.

लगेच डब्यावर हातच हात. खारट, कुरकुरीत, किंचित खरपूस. गौरीनं विचारलं की काकू, कोणत्या दुकानातून आणल्या. अनघा पटकन म्हणाली, "घरी केल्यात. आईनं." तिची मान आता वर होती.

मग जास्तीचं गाणं झालं. सुनीतीकाकूंच्या नावानं, आणि दिपालीनं टिपऱ्या अशा काही बडवल्या की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. काकू आधी नको नको म्हणाल्या, मग मान खाली घालून ऐकत राहिल्या, आणि तिसऱ्या कडव्याला त्यांचाच आवाज सगळ्यांच्या वर गेला. हा आवाज गल्लीनं याआधी ऐकला नव्हता.

निघताना काकूंनी सगळ्यात शेवटी दिपालीच्या हातावर बिया ठेवल्या आणि तिची बोटं आपल्या हातानं मिटली.

"तुलाही नाही ओळखता आलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही ना काकू. असं कधी ऐकलंच नव्हतं."

"काजू म्हणे," काकू म्हणाल्या, आणि तोंडावर पदर धरून हसत सुटल्या. त्यांचं हसणं दिपालीला पार चक्कीपर्यंत ऐकू येत होतं.

घरी आई चुलीपुढं भाकरी थापत होती. बाबा आधीच ताट घेऊन बसले होते. दिपाली त्यांच्या बाजूला बसली आणि कुणी विचारायच्या आत सांगून मोकळी झाली की पाट गौरीकडे गेला. बाबांनी आपली पाटी-उशीची सगळी मेहनत वाया गेल्याचं दुःख व्यक्त केलं.

"काय होतं डब्यात?" आईनं विचारलं.

"कोहळ्याच्या बिया. कोणालेच नाही ओळखू आलं."

भाकरी फुगली. आईनं ती उलटली नाही.

"तुले बी नाही?"

"मले बी नाही."

आईनं भाकरी ताटात टाकली. हाताचं पीठ झटकलं, उठली, फडताळाजवळ पाट ओढला, त्यावर चढून वरच्या फळीवर हात घातला आणि तुपाची बरणी खाली उतरवली. बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"पाहुणं आलं का वं कोणी?"

आईनं दिपालीच्या भाकरीवर चांगलं चमचाभर तूप सोडलं. ते कडेपर्यंत ओघळत गेलं. बाबांनी गुपचूप आपलंही ताट पुढं सरकवलं.

"तुमी घरचेच हाय," आई म्हणाली आणि बरणीचं झाकण लावलं.