झाकणाआडचा तारा

प्रसेनजीतने नवा तारा शोधला, ही बातमी पेपरात यायच्या आधीच उचगावात घरोघर पोचली होती. पोचवणारे अर्थातच त्याचे वडील भाऊसो. उद्या संध्याकाळी विहारात सत्कार, पत्रिका वाटून झालेल्या. आणि आज भर दुपारी मधुवंती मॅडमनी शाहूपुरीतल्या आपल्या घरी त्याच्यापुढे दोन कॅमेरे मांडले.

मॅडम कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या, प्रसेनजीत तिथल्याच प्रयोगशाळेत मदतनीस. आकाशाचं वेड दोघांनाही, आणि भांडण वर्षभर एकच. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी चिप असते, ती सीसीडी बरी की सीमॉस? मॅडमचा सीसीडी कॅमेरा भावाने परदेशातून आणलेला, ह्याचा सीमॉस कुणीतरी वापरून विकलेला. मिनिटं न् मिनिटं फोटो घेतला की तुमची चिप तापते आणि नसलेले ठिपके दाखवते, असं त्या म्हणायच्या. त्यावर हा नाक फुगवून बसायचा.

काल मॅडमनी आकाशाचा तोच तुकडा आपल्या कॅमेऱ्यात घेतला, तर तारा गायब. तुमच्या कॅमेऱ्याला दिसला नसेल, म्हणून प्रसेनजीत हटून बसला. मग मॅडमनी शांतपणे दोन्ही कॅमेऱ्यांना झाकण लावलं आणि पाच-पाच मिनिटांचा फोटो घेतला.

सीसीडीचा फोटो कोरा काळा. सीमॉसच्या फोटोत, झाकण घट्ट असताना, प्रसेनजीतचा तारा जागच्या जागी ढळढळीत चमकत होता.

त्याने तीनदा फोटो घेतला. तीनदा तारा आला. दर रात्री एकच ठळक तारा बरोबर मध्यभागी आणून तो फोटो घ्यायचा, म्हणून चिपवरचा बिघडलेला ठिपकाही दर रात्री एकाच जागी पडत गेला. त्याची शिस्तच त्याला नडली.

"मी कुणाला सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "उद्या काय बोलायचं ते तुम्ही ठरवा."

घरी जाताना कॅमेरा पंचगंगेत फेकावा, वारणानगरला मावशीकडे पळून जावं, असं काय काय त्याच्या मनात येऊन गेलं. घरी भाऊसो स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होते. तीस वर्षं फाउंड्रीच्या भट्टीपुढे काढलेली, डोळ्यांना कमी दिसायचं. पेपरातला तारासुद्धा त्यांनी बोट ठेवून दाखवून घेतला होता.

प्रसेनजीतने कॅमेरा त्यांच्या हातात दिला. जीव मुठीत धरून म्हणाला, "अण्णा, ह्यो तारा खरा न्हाय. झाकण लावून फोटू काढलाय, तरीबी दिसतोय बघा."

भाऊसोंनी कॅमेऱ्यामागचा पडदा डोळ्याला भिडवला. झाकण घट्ट बसलंय का, ते बोटांनी दोनदा चाचपलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"झाकण लावूनबी दिसतोय? मग केवढ्या ताकदीचा म्हणायचा ह्यो तारा, लेका."

प्रसेनजीत समजावून सांगायला पुढे सरकला. तोवर भाऊसो शेजारच्या मीनाबाईंना दाखवायला, कॅमेरा झाकणासकट घेऊन, बाहेर पडलेसुद्धा.