मनाश्तूरमधली जागा

होरियानं मोजपट्टीचं टोक बायकोच्या, क्रिनाच्या हातात दिलं आणि तो मागे सरकत भिंतीला टेकला. पियानो मावत होता. होरिया शाळेत संगीत शिकवायचा; पियानो मावला की कुठलंही घर त्याला पटायचं.

“मग ठरलं?” घरमालकीण वेतुरियाबाईंनी दारातून विचारलं.

क्रिनानं टोक सोडलं. पट्टी सर्रकन गुंडाळली गेली. ती इथंच, क्लुज शहरातल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होती. म्युनिकहून जवळजवळ दुप्पट पगाराचं बोलावणं आलं होतं आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. तिथला पगार पाहिला की जावंसं वाटे, तिथलं भाडं पाहिलं की राहावंसं वाटे. आणि इथल्या घरांच्या किमती ऐकल्या की पुन्हा जावंसं. आठवडाभर तिचं हेच चाललं होतं.

“मनाश्तूरच्या वस्तीत एक लाख चाळीस हजार युरो जास्त होतात, बाई. चौथा मजला, त्यात लिफ्ट नाही.”

“मला काय हौस आहे विकायची? माझ्या मुलाला, सोरिनला तिकडे घर घ्यायचंय, म्युनिकला. तोही तुझ्यासारखाच, कॉम्प्युटरवाला. या पैशांवर त्याला बँक कर्ज देईल. मी जाईन गावाला, बहिणीकडे.” वेतुरियाबाईंनी व्हिडिओ कॉल लावून फोन तिच्या हातात दिला. “तूच बोल त्याच्याशी. मला यातलं काही कळत नाही.” त्या कॉफी करायला आत गेल्या. होरिया न्हाणीघरातले नळ उघडून बघू लागला.

पडद्यावर दाढी वाढलेला एक माणूस दिसला. त्याच्यामागे पलंग, सायकल आणि शेगडी एकाच खोलीत होती.

“आई किंमत कमी करणार नाही,” तो म्हणाला.

“ते नाही विचारायचं. मला तिथं नोकरी मिळतेय. यावं का?”

“पगार सांगितला असेल त्यांनी. घराचं कोणी सांगितलं?”

“अर्धा पगार जातो म्हणतात.”

“अर्ध्यात भागलं तर नशीबवान समजा स्वतःला.” तो पडद्याजवळ सरकला. “आई आहे तिथं?”

“स्वयंपाकघरात.”

“तुमच्या ऑफिसात जागा आहे का? मला परत यायचंय. सांगणारच होतो, तेवढ्यात तिनं घर विकायला काढलं. अख्ख्या इमारतीला सांगून बसलीय, मुलगा जर्मनीत घर घेतोय म्हणून. आता कुठल्या तोंडानं बोलू?”

क्रिना पियानोसाठी मोजलेल्या भिंतीकडे बघत राहिली.

“सध्या एकच जागा रिकामी होऊ शकते,” ती म्हणाली. “माझी.”

“म्हणजे तुम्ही इकडे आलात तर...”

“आणि आल्यावर माझंही तुमच्यासारखंच झालं तर?”

कपांचा आवाज ऐकू आला तसा त्यानं घाईनं फोन ठेवला.

वेतुरियाबाईंनी कॉफी आणली. होरियाही बाहेर आला. नळ चांगले निघाले होते. त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून विसाराचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“काय म्हणाला?” वेतुरियाबाईंनी विचारलं.

“जागेचं विचारत होता.”

“त्याला काय करायचीय आता ही जागा? त्याच्यासाठीच तर विकतेय.”

क्रिनानं पाकिटावर हात ठेवला. खरं बोललं तर घर तिच्या हातचं जाणार होतं, गप्प बसलं तर सोरिनच्या.

“बाई, तुम्ही त्याला कधी विचारलंत, परत यायचंय का म्हणून?”

वेतुरियाबाई खुर्चीत बसल्या. साखरेचं भांडं त्यांनी क्रिनाकडे सरकवलं, मग पुन्हा आपल्याकडे ओढलं.

“नाही विचारलं,” त्या म्हणाल्या. “हो म्हणाला असता तर? अख्ख्या इमारतीला सांगून बसलेय मी.”

होरिया आळीपाळीनं दोघींकडे बघत होता.

“मग हे द्यायचं की नाही?” त्यानं विचारलं.

क्रिनानं आणि वेतुरियाबाईंनी एकदमच एकमेकींकडे पाहिलं, जणू उत्तर दुसरीला ठाऊक असावं.