गुंडप्पाच्या पायाखालची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. कडुनिंबाची, जाड आणि चांगली लांब. लातूरच्या एका लहानशा डाळमिलमध्ये माझी सगळी उमर गेली. ट्रकमध्ये माल भरायचा असला की माझं एक टोक जमिनीवर टेकवायचे आणि दुसरं ट्रकच्या फाळक्यावर. मग पाठीवर पोतं घेतलेले हमाल माझ्यावरून वर चढायचे. एवढंच माझं काम. त्यात सांगण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नाही. पण आता मी थकले आहे, आणि थकल्यावर माणसालाच काय, लाकडालाही बोलावंसं वाटतं.

औशाच्या रस्त्याचं रुंदीकरण झालं तेव्हा कडेचं एक कडुनिंबाचं झाड पडलं. ते लाकूड वखारीत आलं, करवतीखाली गेलं आणि त्यातून मी निघाले. मिलचे मालक चन्नबसप्पा मला बघायला आले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा. त्यांनी माझ्यावर दोन्ही पाय ठेवून एकदा जोर दिला आणि म्हणाले, "ही टिकंल." मिलमध्ये सगळे त्यांना अप्पा म्हणत.

माझ्यावरून पुष्कळ माणसं चढली. मी त्यांना तोंडावरून नाही, पावलांवरून ओळखत असे. त्यात गुंडप्पाचं पाऊल मला सगळ्यांत आवडायचं. तो निलंग्याकडचा, उंच आणि रुंद खांद्यांचा. अनवाणी चढायचा. आधी बोटं रोवायचा, मग टाच टेकवायचा. पाठीवर तुरीच्या डाळीचं क्विंटलचं पोतं असायचं, तरी माझ्या अंगाला धक्का म्हणून लागत नसे.

त्याचं कौतुक फार व्हायचं. नांदेडहून माल न्यायला येणारे ट्रकवाले चहाचा कप हातात धरून त्याच्याकडे बघत उभे राहायचे. "गुंडप्पा म्हंजे बैल हाय, बैल!" असं म्हणायचे. अप्पाही पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या गुंडप्पासारखा गडी अख्ख्या लातुरात न्हाई." गुंडप्पा हसायचा आणि दुसरं पोतं उचलायला वळायचा. मलाही वाटायचं, त्या कौतुकात थोडा वाटा माझा आहे. कौतुकानं ओझं हलकं होत नाही, हे कळायला बराच काळ जावा लागला.

गुंडप्पाची बायको शिवम्मा याच मिलमध्ये डाळ निवडायला यायची. काम नसलं की मला भिंतीला टेकवून ठेवत, तिथून बायकांची शेड समोरच दिसे. मोठ्या मिलमध्ये हे काम यंत्रं करतात. आमच्या मिलमध्ये बायका करत. जमिनीवर गोणपाट अंथरायचं, एक पाय दुमडून बसायचं, मांडीवर सूप घ्यायचं आणि मान खाली घालून खडे, टरफलं, काळे दाणे वेचायचे. सकाळी त्यांच्या गप्पा ऐकू यायच्या. दुपारनंतर नुसता सुपांचा आवाज.

पुढे ट्रक बदलले. नवे ट्रक उंच होते. मी होते तेवढीच राहिले, त्यामुळे माझा चढ उभा झाला. तेच पोतं, तोच गुंडप्पा, पण आता त्याला पुढे जास्त वाकून चढावं लागायचं. हळूहळू त्याचं पाऊल बदललं. उजवा पाय जड पडू लागला. अर्ध्यावर तो क्षणभर थांबायचा. खालून बघणाऱ्याला ते कळत नसे. मला कळायचं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत नवराबायको माझ्या आडोशाला सावलीत बसले होते. गुंडप्पानं भाकरी संपवली आणि उठायला गेला, तर त्याच्या तोंडून कण्हणं निघालं.

"पाठ दुखायलीय न्हवं?" शिवम्मानं विचारलं.

"काई न्हाई. गारवा बसलाय."

"उन्हाळ्यात कसला गारवा? अप्पांना सांगा की."

"काय सांगू? कंबर धरलीय म्हणून? उद्या दुसरा गडी हुबा करतेत. आन् लोक हसतेत ते येगळंच." मग तो तिला म्हणाला, "तुझी मान तरी तू कुठं सांगितलीस?"

शिवम्मानं पदरानं मान चोळली आणि डबा बांधला.

मित्रांनो, त्यानंतर फार काळ गेला नाही. चैत्रातली दुपार होती. नांदेडचा ट्रक लागला होता आणि ड्रायव्हर घाई करत होता. गुंडप्पा पोतं घेऊन माझ्यावर चढला. घामानं त्याची पावलं ओली होती आणि इतक्या वर्षांच्या घासण्यानं मीही गुळगुळीत झाले होते. वरच्या टोकापाशी त्याचा उजवा पाय भरून आला, सुन्न झाला असावा. बोटं रोवलीच नाहीत. पाय सरकला आणि तो कडेला खाली पडला. पोतं त्याच्या कमरेवर आलं.

मिलचा आवाज बंद झाला. शिवम्मा सूप टाकून धावत आली. गुंडप्पा ओरडत नव्हता. "पाय कुठाय माझा? पाय लागंना मला," एवढंच म्हणत होता. चौघांनी त्याला उचलून अप्पांच्या गाडीत घातलं.

अप्पा दवाखान्यात बसून राहिले, ऑपरेशन करवलं, हे खरं आहे. गुंडप्पा जगला. पायात थोडी ताकदही आली. पण डॉक्टरांनी सांगितलं, की आता आयुष्यात घागरभर पाणीसुद्धा उचलायचं नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती शिवम्मानं कामावर परत आल्यावर बायकांना सांगितली. "डाक्टर म्हणले, ह्ये आज पडल्यानं झालं न्हाई. मणके कवाच झिजले होते. पडायचं निमित्त झालं."

मिलमध्ये मात्र सगळे पडण्याबद्दलच बोलत होते. "फळी घसरडी झालीया," असं ठरलं. माझ्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या. हमालांना कमरेला बांधायचे पट्टे आणून दिले. अप्पांना वाटलं, झालं काम. पण पोतं तेवढंच जड होतं, ट्रक तेवढाच उंच होता आणि चढही तोच. पट्टे बांधलेले हमाल आता आणखी बिनधास्त धावू लागले.

गुंडप्पाच्या जागी त्याचा पुतण्या संगमेश्वर आला. लग्न नुकतंच झालेलं. अंगानं काकावर गेलेला. पहिल्याच दिवशी ट्रकवाला म्हणाला, "ह्यो तर काकापेक्षा भारी निघंल!" संगमेश्वरनं मान ताठ केली. त्याचं पाऊल माझ्यावर पडलं आणि मला धस्स झालं. आधी बोटं, मग टाच. हुबेहूब तेच पाऊल. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. फळीला फक्त करकरता येतं, आणि फळीच्या करकरण्याकडे कोण लक्ष देतो?

शिवम्मानं त्याला चढताना बघितलं होतं. ती शेडमधून उठून आली, संगमेश्वर दुसरं पोतं घ्यायला गेला तेवढ्यात माझ्यावर चढली आणि मधोमध बसली.

सगळे बघतच राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. अप्पा ऑफिसातून बाहेर आले.

"शिवम्मा, ह्ये काय करायलीस? ऊठ. गाडी थांबलीय."

"थांबू द्या."

"तुझ्या नवऱ्याचं म्या केलं न्हाई का? सोडून दिलं का त्याला?"

"न्हाई सोडलं, अप्पा. तुमचं नाव काढते म्या रोज. पर त्यांची पाठ परत आली न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता. तो फक्त थकलेला होता. "आता ह्या पोराची पाठ जायची वाट बघायची का? त्याच्या बायकोला काय सांगू म्या?"

"काकू, मला काई हुत न्हाई. ऊठ तू," संगमेश्वर ओशाळून म्हणाला.

"तुझा काकाबी ह्येच म्हणायचा."

अप्पांचा चेहरा लाल झाला. त्यांनी शेडकडे बघून हाक मारली, "अगं, हिला समजवा कुणीतरी! या हिकडं!"

बायका उठल्या. आणि मित्रांनो, तेव्हा जे झालं ते मी रोज संध्याकाळी बघत होते, पण अप्पांनी कधी बघितलं नव्हतं. त्या कामावर असताना ते यायचे आणि त्या घरी जाण्याआधी निघायचे. त्यांनी बायकांना फक्त बसलेलं पाहिलं होतं. आज त्यांना उठताना पाहिलं. कुणी दोन्ही हात जमिनीला टेकवले. कुणी खांबाला धरलं. चांगुणा नावाची बाई तर वयानं लहान, लेकरं अजून शाळेत जाणारी, पण ती गुडघ्यावर हात ठेवून वाकलेलीच राहिली आणि तशीच चार पावलं चालली. मगच तिची कंबर सरळ झाली. एकीलाही चटकन ताठ उभं राहता आलं नाही.

अप्पा बघत राहिले. हाक मारून बोलावलेल्या बायका अंगणभर पसरून उभ्या होत्या आणि कुणीच शिवम्माला समजावत नव्हती.

"रोज असंच हुतंय का?" अप्पांनी चांगुणेला विचारलं.

"हाव, अप्पा. रातच्याला तर कूस बी बदलू वाटत न्हाई."

अप्पा ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी उद्या भरंल." ड्रायव्हर कुरकुरत निघून गेला. शिवम्मा उतरायला लागली तर तिचाही पाय आखडला होता. संगमेश्वरनं तिला हात दिला.

पुढचं सगळं लगेच झालं असं समजू नका. अप्पा संगमेश्वरला घेऊन नांदेडला, पाठीवर पोती न वाहता माल भरणारी एक मिल बघून आले. मग ट्रकच्या उंचीचा सिमेंटचा ओटा बांधला. गोदामातून ओट्यावर जायला हळू चढाची वाट केली आणि दोन चाकांचे ढकलगाडे आणले. क्विंटलची पोती बंद केली, अर्ध्या वजनाचे कट्टे, म्हणजे लहान पोती, भरायला लागले. सुरुवातीला हमालांनाच ते रुचलं नाही. "गाडा ढकलायला आम्ही काय म्हातारे हाव?" असं म्हणत काही जण, त्यात संगमेश्वरही, पाठीवरच कट्टे नेत. एक दिवस गुंडप्पा काठी टेकत आला. ओट्याच्या कडेला बसला आणि पुतण्याला म्हणाला, "मला बी बैल म्हणायचे. मला लई बरं वाटायचं." बस्स, तेवढंच. त्यानंतर संगमेश्वरनं गाडा सोडला नाही. त्याचं बघून बाकीच्यांनीही धरला.

बायकांसाठी टेबलं आली, पण ती उंच झाली. खांदे वर चढवून निवडावं लागे आणि पाय लोंबकळत. दोन दिवसांत बायका परत गोणपाटावर बसल्या. अप्पा चिडले. शिवम्मा म्हणाली, "चिडू नगा. तुम्ही करायलाव त्ये कळतंय आम्हास्नी. पर आम्हाला बसवून मापं घ्या की." मग सिद्धेश्वर सुतार आला. त्यानं एकेकीला बसवलं, कोपराची उंची बघितली, टेबलांचे पाय कापले आणि स्टुलांना पाठ लावली. दर थोड्या वेळानं उठून चालायचं, हेही ठरलं. एवढं होऊनही पाय टेकायला मात्र आधार हवा होता.

त्याच सुमारास उदगीरचे एक व्यापारी आले. मी ओट्यामागे उन्हात पडून होते. त्यांनी मला बघितलं, माझ्यावर उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "अप्पा, फळी मजबूत हाय. तुम्हाला आता कशाला लागती? आमच्या गोदामाला द्या."

मित्रांनो, मला पुन्हा काम मिळणार होतं. पण मला आनंद झाला नाही. पुन्हा उंच ट्रक, पुन्हा वाकलेली माणसं, पुन्हा कुणीतरी अर्ध्यावर थांबणारा. मला ते नको होतं.

अप्पा माझ्याजवळ आले. थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "न्हाई हो. ही द्यायची न्हाई. तुम्ही त्यापरीस आमचा ओटा बघा." त्यांनी व्यापाऱ्यांना हाताला धरून तिकडे नेलं. मग सिद्धेश्वरला हाक मारली.

करवत माझ्यावर दुसऱ्यांदा फिरली. मला त्रास झाला नाही. माझे आखूड तुकडे झाले, ते थोडे तिरपे बसवले आणि टेबलांखाली ठेवले. आता बायका माझ्यावर पाय टेकवून डाळ निवडतात. शिवम्माचा पाय ज्या तुकड्यावर असतो त्याला सगळ्यांत कमी भार लागतो. कारण ती पाय हलवत राहते, गुंडप्पाच्या डॉक्टरांनी तिलाही तसं सांगितलंय. मानेचं दुखणं तिचं पुरतं गेलेलं नाही. गुंडप्पा घरी असतो. तो काही पूर्वीसारखा होणार नाही. उशिरा आलेल्या शहाणपणानं झिजलेले मणके भरत नाहीत.

म्हणून तुम्हाला एक विनवणी करते. तुमच्यापैकी कुणी उद्या मिल काढाल, कारखाना चालवाल, दुकान थाटाल. नाहीच तर घरात धुणंभांडी करणारी बाई तरी तुमच्याकडे येईल. कुणाच्या अंगातली ताकद बघून टाळ्या वाजवण्याआधी ते ओझं कमी करता येतं का, ते बघा. कामाची जागा माणसाच्या मापाची करा, आणि ते माप त्याला विचारूनच घ्या. लाकूड झिजलं तर वखारीत दुसरं मिळतं. माणसाची पाठ कुठल्याच वखारीत मिळत नाही.