ट्रेनरशिवाय परवानगी नाही

"आजोबांना आधी कधी व्यायामाची सवय होती का?" जिमच्या ट्रेनरने मिस्त्रींच्या मुलीला विचारलं.

मिस्त्री तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते. त्यांना ऐकू नीट येत होतं आणि बोलताही येत होतं.

"नाही हो," मुलगी म्हणाली. "कारखान्यात लेथवर होते. चौतीस वर्षं उभ्याने काम."

"शुगर? बीपी?"

"अरे, मला विचार ना. बीपी माझं आहे, तिचं नाही."

ट्रेनर हसला, लहान मूल काही बोबडं बोललं की हसतात तसा. आणि पुढचा प्रश्न पुन्हा मुलीलाच विचारला.

मिस्त्रींची कानशिलं तापली. बायकोच्या आजारपणात दोन वर्षं हॉस्पिटलच्या फेऱ्यांत त्यांनी हेच पाहिलं होतं. ती कॉटवर टक्क जागी असायची आणि डॉक्टर तिच्या डोक्यावरून यांना विचारायचे, पेशंट जेवल्या का, झोपल्या का. मिस्त्रीही मुकाट उत्तरं द्यायचे. एकदाही म्हणाले नाहीत, की अहो, तिला विचारा. ती जाऊन आठ महिने झाले. ते वाक्य म्हणायचं राहूनच गेलं.

इथे यायचं कारण गेल्या महिन्यात घडलं. मिस्त्री मोरीत घसरून पडले. लागलं फारसं नाही, पण उठता येईना. अर्धी सकाळ ओल्या फरशीवर गेली, तेव्हा कुठे शेजारणीने हाका ऐकल्या. मुलीने त्याच दिवशी निकाल दिला, "बाबा, तीन महिन्यांत पायांत जोर आणा. नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं." मुलगी वाईट नव्हती, घाबरली होती. पण बायकोने ज्या खिडकीशी बसून शेवटचे दिवस काढले, ते घर सोडायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा स्मशानात पोचवून येण्यासारखं होतं.

"एक छोटी टेस्ट घेऊ," ट्रेनर म्हणाला. त्याने जमिनीवर चटई अंथरली. "खाली बसा. आता हात न टेकता उठा."

मिस्त्रींनी तीनदा जोर केला. तिन्ही वेळा बूड चटईवरून हललं नाही. शेवटी मुलीने काखेत हात घालून उभं केलं. ट्रेनरने कागदावर लाल खूण केली.

"बघितलंत ना?" तो मुलीला म्हणाला. "यांना ट्रेनरशिवाय परवानगी देता येणार नाही. वर्षभरासाठी पर्सनल ट्रेनर घ्या. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"बाबा, ते बरोबर बोलतायत."

"काय बरोबर?" मिस्त्रींचा आवाज चढला. "मला उठता येत नाही म्हणून मी आलो. हा मला तेच करायला लावतो, आणि नाही जमलं की तुला भीती घालतो. ही कसली टेस्ट? माझ्या हाताखाली नवीन माणूस आला तर मी त्याला पहिल्या दिवशी स्क्रूचे आटे पाडायला लावून नापास नाही करायचो. आठवडाभर शेजारी उभा करून म्हणायचो, आधी बघ."

"हळू बोला ना बाबा."

"का हळू? एवढा वेळ माझ्याबद्दल मोठ्यानेच चाललं होतं की!"

"आजोबा, ते मशीन असतं. हे शरीर आहे," ट्रेनर म्हणाला.

"म्हणूनच मीही आधी बघतो. तू शिकवतोस कसा ते बघतो, मग ठरवतो तू लागतोस की नाही."

आणि ते हाताची घडी घालून बाकावर बसले. मुलगी चरफडत शेजारी टेकली.

ट्रेनर एका बाईकडे वळला. ती जमिनीवरचा लोखंडी दांडा उचलायला शिकत होती. ट्रेनर समोर उभा होता, पण नजर मोबाईलवर. बाईने आठ वेळा दांडा उचलला, हा दहा म्हणाला. मिस्त्रींना बसवेना. लेथ चालू असताना ज्याची नजर ढळायची, त्याला ते त्याच दिवशी मशीनवरून बाजूला करायचे. नवव्या खेपेला बाईने गुडघे ताठ ठेवले आणि पाठीची कमान करून दांड्याला झटका दिला.

"थांब!"

मिस्त्रींचा कारखान्यातला आवाज होता तो. बाई थांबली, दोन यंत्रंही थांबली.

"पाठीने उचलतेय ती! उद्या कंबर धरून बसेल. दिसत नाही तुला?"

"आजोबा, तुम्ही आज पहिल्यांदा जिममध्ये आलात," ट्रेनर लाल झाला होता. "तुम्हाला काय माहीत?"

मिस्त्री बाकावरून उठले. बाईला म्हणाले, "सरक बाळा." दांड्याच्या दोन्ही टोकांची वजनं त्यांनी काढायला लावली. पाय फाकवून उभे राहिले, दांडा नडगीला लागेल इतके जवळ. गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं,

"धर मानेला."

दांडा सरळ वर आला.

कुणी हसलं नाही. मुलीने मान खाली घातली. दोन वर्षं ती माहेरी आली की सकाळी आईच्या खोलीतून, बाबा आईला उचलत असताना, हे दोन शब्द तिला ऐकू यायचे.

मिस्त्रींनी दांडा आवाज न करता खाली ठेवला.

"हे कुणी शिकवलं?" ट्रेनरने विचारलं. या वेळी त्यांनाच विचारलं.

"हॉस्पिटलातल्या नर्सने. एका दुपारी. स्वतः कॉटवर आडवी झाली, म्हणाली, उचला मला. वीसदा उचलायला लावलं. बायको खुर्चीतून हसत होती. म्हणाली, लग्नाला चाळीस वर्षं झाली, मला कधी उचललं नाहीत ते!" मिस्त्रींनी ट्रेनरच्या हातातल्या मोबाईलकडे बोट केलं. "पण नर्सची नजर माझ्या गुडघ्यांवरून हलली नाही. त्याला शिकवणं म्हणतात."

"मग तुम्हाला ट्रेनर नकोच," तो पडेल आवाजात म्हणाला.

मुलीने बापाकडे पाहिलं. हो म्हणून ऐटीत निघून जायला हरकत नव्हती. मिस्त्रींना मोरीतली फरशी आठवली.

"नको कसा? दुसऱ्याला उचलता येतं मला. स्वतःला उठवता येत नाही. तेवढंच शिकव. वर्षाबिर्षाचं काही नको, उठता आलं की तू सुटलास आणि मीही. तो मोबाईल तिकडे ठेव. आणि काय विचारायचं ते मला विचारायचं, हिला नाही."

ट्रेनरने मोबाईल कपाटात ठेवला. मग स्वतः चटईवर उताणा झाला. कुशीवर वळला, कोपर टेकवलं, तळहात टेकवला, गुडघ्यांवर आला, एक पाय पुढे घेऊन उभा राहिला.

"परत," मिस्त्री म्हणाले.

त्याने परत केलं. तिसऱ्यांदाही केलं.

मग मिस्त्रींनी चपला काढल्या आणि ते आडवे झाले. मुलगी पुढे आली. त्यांनी झोपूनच हात वर करून तिला थांबवलं.

दोन वर्षं दर दोन तासांनी त्यांनी एका माणसाला कुशीवर वळवलं होतं. स्वतः वळायला आज बराच वेळ लागला. ट्रेनर गुडघे टेकून शेजारी बसला होता आणि बघत होता. कुणी हात लावला नाही.