टाकीचं पोट बिघडलं

सिस्टर निवृत्त झाल्या आणि धाकट्या भावाकडे राहायला आल्या, तेव्हा सामानात कपड्यांची एक बॅग होती आणि फिनेलचे दोन मोठे कॅन. भावाच्या नऊ गाई होत्या. गोठ्यातलं शेण आणि पाणी नालीतून मागच्या टाकीत जायचं. तिथे तयार झालेला गॅस स्वयंपाकघरात यायचा आणि उरलेला पातळ काला खत म्हणून भाजीच्या वाफ्यांत. छत्तीस वर्षं बाळंतिणींचा वॉर्ड आरशासारखा ठेवलेल्या सिस्टरच्या हे गळी उतरेना.

"शेणावर चहा करता रे तुम्ही?"

"शेणावर नाही गं ताई, गॅसवर. टाकीतले जंतू शेण खातात आणि गॅस सोडतात."

"म्हणजे जंतूंच्या पोटातल्या—"

"वन्सं, पुढचं नका बोलू," भावजय म्हणाली. "हे चहा पितायत."

गुरुवारी शेती खात्याच्या अधिकारी बाई दहा-बारा शेतकऱ्यांना टाकी दाखवायला आणणार होत्या. सोमवारी घरात कुणी नाही असं बघून सिस्टरनी पदर खोचला. पाहुण्यांनी नाक मुरडायला नको! गोठा, गव्हाणी, नाली, सगळं घासून काढलं. दोन्ही कॅन रिकामे झाले. गाईंना बसावं की उभं राहावं कळेना.

गुरुवारी भावाने ऐटीत शेगडीची कळ फिरवली, काडी ओढली. फुस्स. दुसरी काडी. फुस्स. सहाव्या काडीला एक शेतकरी म्हणाला, "दादा, लायटर देऊ का?"

"टाकी बसवणाऱ्या त्या फिटरने माती खाल्ली असणार!" भाऊ लालबुंद झाला आणि फोन लावून त्याने फिटरला झापलंही.

अधिकारी बाई टाकीपाशी जाऊन वास घेऊन आल्या. "फिटरचं काही नाही. टाकीचं पोट बिघडलंय. जंतू मेलेत. औषधबिषध काही सोडलंत का?"

"छे, छे! देवाशपथ नाही!"

सिस्टर छताकडे बघू लागल्या. छतात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"मग दुसऱ्याच्या चालू टाकीतला काला आणून विरजण लावा," बाई म्हणाल्या.

चालू टाकी होती रस्त्यापलीकडच्या म्हशीवाल्याकडे. कुणी सांगायच्या आत सिस्टर बादल्या घेऊन निघाल्या. त्यांना पाहताच म्हशीवाला हात कमरेवर ठेवून उभा राहिला.

"ओळखलंत का, सिस्टर? लेक झाली तेव्हा तुम्ही मला बुटांसकट वॉर्डाबाहेर काढलं होतंत. पहिल्यांदा तिचं तोंड पाहिलं ते खिडकीतून!"

"बुटांना चिखल होता."

"आता हेच बूट घाला आणि उतरा खड्ड्यात. मी खिडकीतून बघतो."

सिस्टर उतरल्या. बूट दोन आकडे मोठे. चौथ्या बादलीला एक बूट काल्यातच राहिला आणि सिस्टर एका पायावर. म्हशीवाला इतका हसला की शेवटी त्यानेच हात दिला, आणि उरलेल्या बादल्या स्वतः भरून गाडीवर घातल्या.

मग टाकीची शुश्रूषा सुरू झाली. पहिले काही दिवस शेण थोडंच, कालवायला कोमट पाणी, नालीत साध्या पाण्याशिवाय काही नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता लागला : सकाळी काय दिलं, संध्याकाळी ज्योत किती. भाऊ शेण जरा जास्त ओतायला गेला तर "पेशंटला आत्ताच पोटभर घालू नकोस!" म्हणून ओरडा बसायचा. छत्तीस वर्षं जंतूंच्या जिवावर उठलेल्या बाई रोज टाकीला कान लावून बुडबुडे ऐकायच्या.

पंधराव्या दिवशी शेगडीवर निळी ज्योत भुरभुरली. सिस्टरना रडूच आलं.

"वहिनी, एक सांगायचंय. ते फिनेल..."

"माहितेय मला," भावजय पीठ मळता मळता म्हणाली. "गाई दोन दिवस शिंकत होत्या, वन्सं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"गोठा इतका चकचकीत लग्नापासून पाहिला नव्हता. म्हटलं, टाकी काय, सुधारेल. तुम्ही मात्र मनाला लावून घेऊन परत गेला असतात."

दारात उभ्या भावाने हे सगळं ऐकलं. त्याने गुपचूप फोन उचलला आणि बिचाऱ्या फिटरची माफी मागितली.

आता आसपास कुणाची टाकी रुसली की सिस्टरना बोलावणं येतं. त्या जातात, झाकणावर हात ठेवतात आणि मालकाला पहिला प्रश्न विचारतात, "दोन दिवसांत खायला काय घातलंत?"