ओली वानगी

माळ्याच्या घरी जन्म गेला की हाताले खोडच लागते बाप्पा. मेथीची जुडी असो का वांग्याची टोपली, बाजारात मांडली की पिवळं पान खुडायचं अन् वरून पान्याचा हबका मारायचा. माह्या सुनेले, सत्यभामेले, हे मीच शिकवलं. आता कोणावर चिडू?

सात समुद्रापलीकडं कोणाची तरी लढाई जुंपली अन् आमच्या वऱ्हाडातल्या कापसाले दिवस आले. भाजीपेक्षा वानगीचं काम बरं म्हणून आमी सासू-सुना अमरावतीच्या कापूस बाजारात एका दलालाच्या मांडवात बसू लागलो. गाडीवरच्या बोजातून वरची, मधली, तळची अशी मूठ मूठ रुई काढायची, हलक्या हातानं मिसळायची, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढायचा अन् काळ्या फडक्यावर मांडायचा. त्यावरून सारी गाडी पारखली जाते. कचरा असंल तितका राहू द्यायचा, आपलं शहाणपण लावायचं नाही, हे मी सुनेले दहादा सांगितलं. पान्याचं सांगायचं माह्या ध्यानातच आलं नाही. रुईवर कोणी पानी मारते काय?

तिनं मारलं. ऊन चढलं होतं, वाऱ्यानं रुई उडून राहिली होती. तिनं सवयीनं वाटीत बोटं बुडवून शिंपडलं अन् वानगी मांडून मोकळी झाली. मी तवा दुसऱ्या गाडीवर होती.

गाडी भातकुलीच्या खुशालरावांची. मोठा सच्चा माणूस, त्यायच्या बोजात हात न घालता लोक सौदा करत. दलालानं वानगी मुठीत दाबली, हात धोतराले पुसला अन् साऱ्यांसमोर म्हणाला, वजन वाढवायले पानी मारलं. असा बोल एकदा लागला की त्या माणसाचा बोजा बाजारात कोणी उघडूनही पाहत नसे.

खुशालरावांचं तोंड उतरलं. दलालाशी त्यायनं हुज्जतही घातली नाही. वळले ते सरळ धाकट्या भावाकडं, जानरावाकडं. रातभर गाडीची राखण त्यानंच केली होती.

"जान्या, बापाचं नाव बुडवलं तुनं."

जानराव चांगला लेकराबाळांचा माणूस. मी नाही दादा, एवढंच तो म्हणाला. खुशालरावांनी भर बाजारात त्याच्या डोक्यावरचं पागोटं उडवलं.

तवर मी पोचली. सुनेपुढची वाटी पाहिली अन् सारं ध्यानात आलं. धरतीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पानी आमच्या पोरीनं मारलं, गाडी कोरडी हाय, असं मी ओरडलीच. दलालानं शिव्या दिल्या, मी खाल्ल्या, खायच्याच होत्या. मग त्यानं बोजात कोपरापर्यंत हात घातला. आत रुई खडखडीत कोरडी. सौदा झाला, लोक हसले अन् पांगले. सून पदरात तोंड घालून रडून राहिली होती. मले तिच्यावर ओरडवलं नाही.

खुशालरावांनी पागोटं उचललं, धूळ झटकली अन् भावापुढं धरलं. चुकलो म्हणाले. जानरावानं ते घेतलं नाही.

"दादा, माही गोष्ट तुमाले पटली नाही. या परक्या बाईची पटली."

अन् उघड्या डोक्यानं तो एकटाच भातकुलीच्या वाटेले लागला.

खुशालराव माह्याकडं वळले. आता तरी शिवी द्या, असं मी मनात म्हणून राहिली होती. त्यायनं दिली नाही. नाव वाचवलं म्हणून मलेच हात जोडले.